आठ भांडी पाणी

रविवार, ११ एप्रिल १९९९

बाबांचं ब्लडप्रेशर १७४/१०४. पाच-पाच मिनिटांनी तीनदा मोजलं. हा मधला आकडा.

चौकातल्या डॉक्टरांनी नवी गोळी दिली आहे, लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढणारी. जेवणातलं मीठ बंद. "उन्हाळा आहे, मागे मुतखडाही झाला होता, पाणी भरपूर पिऊ दे त्यांना," असं म्हणाले. भरपूर हे माप नाही. म्हणून मी तक्ता केला. ऑफिसच्या प्रिंटरचा लांब कागद, उद्यापासून ५ जूनपर्यंत पंचावन्न दिवस. रकाने: सकाळची गोळी, सकाळ-संध्याकाळ प्रेशर, पाणी ८ भांडी. प्रत्येक भांड्याला एक चौकोन, प्यायल्यावर बरोबरची खूण.

६ जूनला मी अमेरिकेला जाणार आहे, कंपनीच्या कामासाठी, एक वर्ष. बाबांची तब्येत हे न जाण्याचं कारण होऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे. इथे लिहायला हरकत नाही.

बाबांना तक्ता आवडला. वीस वर्षं त्यांनी कारखान्यात बॉयलर सांभाळला. दर तासाला पाण्याची पातळी आणि वाफेचा दाब लिहायचा, सही करायची. त्यांच्या पाळीत एकही रकाना कधी रिकामा राहिला नाही, हे त्यांनी मला लहानपणापासून किमान पन्नास वेळा सांगितलं आहे.

आई म्हणाली, "आता पान्याचाबी तक्ता केला का वं?"

आईबाबा वाशीमकडचे. पुण्यात चोवीस वर्षं राहूनही दोघांची बोली बदललेली नाही. माझी शाळेतच बदलली. म्हणजे ती मी बदलली.

भिंतीवर कागद लावत असताना बाबांनी काहीतरी विचारायला सुरुवात केली. मी म्हटलं, "बाबा, सगळं लिहिलंय त्यात." मग त्यांनी विचारलं नाही.


गुरुवार, १५ एप्रिल

१५२/९४. पाणी: ३२ पैकी ३२ खुणा. पेनाने, चौकोनाच्या आत, एकही रेघ बाहेर नाही.

ऑफिसात दोन आकडी सालं शोधणं चालू आहे. जुन्या प्रोग्रॅममध्ये साल लिहायला दोनच जागा आहेत. लिहिणाऱ्याने आधीचे एकोणीस गृहीत धरले आणि तसं कुठेही लिहून ठेवलं नाही. आता आम्ही त्याच्या ओळी तपासतो. शेजारच्या टेबलावरचा अभिनव म्हणतो, पुढच्या शतकात आपल्याला शिव्या घालायला कुणाला तरी बसवलेलं असेल.

बिल्डिंगचं पाणी हल्ली पुरत नाही. आई म्हणते, माठ दिवसातून दोनदा भरावा लागतो आणि पिंप संध्याकाळपर्यंत तळाला जातं. सेक्रेटरींना पत्र लिहिलं आहे.


सोमवार, १९ एप्रिल

१४६/९०.

बाबांना मळमळतं. सकाळी अर्धी भाकरी ठेवली. उचकी लागली ती दोन तास थांबली नाही. शेजारच्या अख्तरबानू साखर घेऊन आल्या. म्हणाल्या, "नागोरावभाऊ, कोणीतरी वाशीमहून आठवण काढतंय, फोन करून टाका एकदाचा." बाबा हसले.

आईचं म्हणणं, अळणी जेवण अंगाला लागत नाही. "नुसतं पानीच पोटात. मानूस जेवन कसं?" मी सांगितलं, शरीराला सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. हे मी कुठे वाचलं ते आठवत नाही.

रात्रीतून पाच वेळा उठतात. गोळीचा परिणाम. अपेक्षित आहे.


शुक्रवार, २३ एप्रिल

बाबा कोपऱ्यावर पेपर आणायला गेले आणि परतीची वाट चुकले. कोपरा आमच्या दारापासून दीडशे पावलांवर आहे. अख्तरबानूंचे यजमान रियाजभाई रिक्षा घेऊन येरवडा जेलच्या भिंतीच्या बाजूने येत होते, त्यांना बाबा भिंतीकडेने उलट्या दिशेने चाललेले दिसले. रियाजभाईंनी विचारलं, "भाऊ, इकडे कुठे? आत जायचा विचार आहे का?" बाबा म्हणाले, "पाळी बदलली." रियाजभाईंना तो विनोद वाटला.

सदरा उलटा होता. तक्त्यात त्यांनी शनिवारच्याही आठ खुणा करून ठेवल्या होत्या.

मला काय वाटलं ते लिहिते. मला राग आला. माझा व्हिसाचा इंटरव्ह्यू येत्या सोमवारी ठरला आणि बाबा शुक्रवारी हरवले. आईने मुलाखतीच्या आधी देवाला नारळ ठेवला, तो कशासाठी, ते मी विचारलेलं नाही. बाबांना मी जायला नको आहे, आणि हे त्यांना बोलता येत नाही म्हणून असं बाहेर येतं, असं मी अभिनवला सांगितलं. तो म्हणाला, "असेल." तो नेहमी असेल म्हणतो.


सोमवार, २६ एप्रिल

१३२/८४. पंधरा दिवसांत बेचाळीस अंक खाली. आलेख काढला. मुंबईला जाऊन व्हिसाचं काम करून आले. झालं.


बुधवार, २८ एप्रिल

दुपारी आईचा ऑफिसात फोन आला. ती फोन करत नाही. म्हणाली, "लवकर ये. हे कायबाय बोलून रायले."

बाबा खाटेवर बसून समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत होते. म्हणाले, "काच भरली."

"कुठली काच, बाबा?"

"वरपर्यंत आलं पानी. ब्लोडाऊन सोडा कोनी. मले वाल सापडत नाई."

बॉयलरच्या अंगाला काचेची एक उभी नळी असते, आतलं पाणी किती ते दाखवणारी. काच पूर्ण भरली तर बॉयलरमध्ये पाणी जास्त झालेलं असतं आणि खालचा व्हॉल्व्ह उघडून ते सोडून द्यावं लागतं. हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी त्यांना सांगितलं की आपण येरवड्यात घरी आहोत. त्यांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली, परक्या माणसाकडे पाहून डोलावतात तशी.

चौकातले डॉक्टर गावाला गेले आहेत. उद्या सकाळी मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं.

आठव्या चौकोनात त्यांना खूण करता आली नाही, पेन घसरलं. मी केली.


गुरुवार, २९ एप्रिल

क्रमाने लिहिते.

७.२० आई बाबांना पाणी देत होती. भांडं हातातून पडलं. डोळे वर गेले, जबडा मिटला, उजवा हात आणि मग सगळं अंग आचके देऊ लागलं. मी घड्याळ पाहिलं. दीड मिनिट. त्या दीड मिनिटात मी घड्याळ पाहण्याखेरीज काहीही केलं नाही. अख्तरबानूंनी त्यांना कुशीवर वळवलं आणि दातांत घालायला आईने घेतलेला चमचा काढून घेतला.

७.४० रियाजभाईंची रिक्षा. मागे आई आणि मी, बाबा आडवे आमच्या मांडीवर. बंडगार्डनचा पूल, मग पेठांमधली गर्दी. बाबांचा श्वास घोरल्यासारखा. मी श्वास मोजत होते. एका सिग्नलला आकडा विसरले आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.

८.२५ सदाशिव पेठेतलं हॉस्पिटल.

९.१० रक्ताचा रिपोर्ट. सोडियम १११. हवं १३५ ते १४५.

डॉ. पानसे पन्नाशीचे, किडकिडीत. एका वेळी एकच प्रश्न विचारतात आणि उत्तर येईपर्यंत लिहीत नाहीत. म्हणाले, "रक्तात मीठ पातळ झालंय. मग पाणी रक्तातून पेशींमध्ये शिरतं. इतर अंगाला सुजायला जागा असते. मेंदूला कवटीत नसते. कधीपासून आहे हे?"

"परवापासून," मी म्हटलं. काल म्हणायला हवं होतं की परवा, एवढाच विचार मी केला.

"त्याच्या आधी ठीक होते?"

"हो."

"पाणी किती पितात?"

"आठ भांडी."

"ठीक आहे, तेवढं कुणीही पितं." त्यांनी लिहून घेतलं. गोळी बंद करायला सांगितली आणि म्हणाले की फक्त गोळीने इतकं खाली यायला नको, छातीचा फोटो काढू, फुप्फुसात गाठ असली तरी असं होतं. आईला गाठ हा शब्द कळला.

खारट सलाईन, नेहमीच्या तिप्पट तीव्र, थेंब मोजून. १२ वाजता ११५. बाबांनी डोळे उघडले आणि आईला ओळखलं. संध्याकाळी ६ वाजता ११९. छातीचा फोटो स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, "दोन दिवसांत उतरलेलं दोन दिवसांत चढवायला हरकत नसते." साधं सलाईन चालू ठेवलं.

आईने दिवसभर एक घास खाल्ला नाही.


शुक्रवार, ३० एप्रिल

सकाळी ८ वाजता १२४. चोवीस तासांच्या आत तेरा अंक. मी डायरीच्या मागच्या पानावर आलेख काढला, रेघ सरळ वर. बाबांनी विचारलं, "आज वार कोनता?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मंग तू हापिसात काहून नाई?" हे इतकं त्यांचं होतं की मी बाहेर जाऊन उभी राहिले.

११ वाजता सिस्टर कौशल्या आईला समजावत होत्या. मी दारात होते.

"आजी, आता यांना दिवसाला चारच भांडी पाणी द्यायचं. जास्त नाही."

"चार?" आई म्हणाली. "म्हंजे आठाचं निम्मं. मंग बरं. आठ त्यांले जातच नव्हते, बाई. नाक दाबून प्यायचे. म्हनायचे, पोरीनं लिहिलंय."

आणि तिने पिशवीतून गडवा काढून खाटेशेजारच्या कपाटावर ठेवला. पितळी, तिच्या माहेरचा. पुण्यात त्याला तांब्या म्हणतात.

सिस्टर हसल्या. "अहो आजी, हे काय? भांडं म्हणजे हे." त्यांनी कपाटावरचं स्टीलचं छोटं भांडं उचललं.

"हे?" आई म्हणाली. "हा तं गिलास हाये."

सिस्टरच्या ट्रॉलीवर मापाची बाटली होती. मी गडवा नळाखाली धरला आणि बाटलीत ओतला. साडेसातशे मिलिलिटर. स्टीलचं भांडं दोनशे.

आठ गुणिले साडेसातशे, सहा लिटर. सतरा दिवस. एकशे दोन लिटर पाणी, मीठ न घालता, आणि सोबत मीठ काढून टाकणारी गोळी.

पुण्यात पाण्याचं भांडं म्हटलं की काय ते मला शाळेत समजलं. मैत्रिणीकडे पहिल्यांदा गेले तेव्हा तिच्या आईने "भांडंभर पाणी देऊ का?" म्हटलं आणि मी घाबरून नको म्हटलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. दोन्ही अर्थ माहीत असलेली घरात मी एकटीच.

मी जिन्यावर बसून ही डायरी पहिल्यापासून वाचली. उचकी, मळमळ: १९ तारीख. वाट चुकणं, उलटा सदरा: २३. परवापासून नव्हतं ते. दहा दिवस होतं, आणि माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

आता जे लिहिते ते मला लिहायचं नाही. मी चाळीस मिनिटं जिन्यावर बसले. बाबा शुद्धीवर आलेत, आकडा चढतोय, मग सांगून काय होणार, असा हिशेब करत. शेवटी उठले ते चांगुलपणाने नाही. डॉक्टरांचं वाक्य आठवलं म्हणून. दोन दिवसांत उतरलेलं दोन दिवसांत चढवायला हरकत नसते. मग दहा दिवसांत उतरलेलं?

डॉ. पानसे ओपीडीत होते. मी पेशंटच्या आधी आत गेले.

"मी काल चुकीचं सांगितलं. परवापासून नाही. एकोणीस तारखेपासून. आणि भांडं साडेसातशे मिलिलिटरचं आहे."

"कुणाचं भांडं?"

"आमचं."

त्यांनी पेन ठेवलं. "आपण काय करता?"

"सॉफ्टवेअर."

"वाटलंच. मापात एकदम पक्क्या." आणि ते उठून चालू लागले, मी मागे.

चालता चालता त्यांनी सांगितलं, माझ्याकडे न बघता. हळूहळू उतरत गेलं की मेंदू जुळवून घेतो, आपलं मीठ बाहेर टाकतो, सूज कमी करतो. मग बाहेरचं मीठ घाईने वाढवलं तर तो उलटा आवळतो. आतल्या मज्जातंतूंचं वेष्टण सुटतं. ते लगेच दिसत नाही. दोन दिवसांनी, चार दिवसांनी, कधी आठवड्याने दिसतं. बोलणं जड होतं, गिळता येत नाही, हातपाय जातात.

"आणि मग?"

"मग काही वेळा माणूस आत जागा असतो. पापण्यांखेरीज काही हलत नाही."

१ वाजता १२६. बाबांना तासाला चारशे मिलिलिटर लघवी होत होती. गोळी थांबली, आता शरीर साठलेलं पाणी फेकत होतं आणि आकडा आपोआप पळत होता. डॉक्टरांनी मिठाचं सलाईन काढलं आणि मीठ नसलेलं, साखरेच्या पाण्याचं लावलं. सिस्टरना म्हणाले, "आणि तोंडाने पाणी द्या. दर तासाला दोन भांडी." मग आईकडे वळून, "गिलास."

काल पाणी विष होतं. आज मी स्वतः चमच्याने पाजत होते, आकडा खाली यावा म्हणून. बाबा नको म्हणत होते. मी म्हटलं, "प्या." ते प्यायले.


शनिवार, १ मे

सकाळी ११९. डॉक्टर म्हणाले, वेळेत धरलं असावं. असावं.

डॉक्टर म्हणाले तो आठवडा आजपासून मोजते: पहिला दिवस.

आई म्हणते, "मीच भरून देत होते. माह्याच हातानं." ती हे सिस्टरना सांगते, अख्तरबानूंना फोनवर सांगते. मी काही बोलत नाही.


रविवार, २ मे

दुसरा दिवस. १२३.

मी दर दोन तासांनी बाबांना बॉयलरचे भाग म्हणायला लावते. सेफ्टी व्हॉल्व्ह, फीड पंप, गेज ग्लास, ब्लोडाऊन. व्हॉल्व्हला ते आयुष्यभर वाल म्हणत आले, तसंच म्हणतात. मग हात घट्ट दाबायला सांगते, आधी उजवा, मग डावा. मग एक चमचा चहा.

तिसऱ्या वेळी म्हणाले, "माही परीक्षा घेऊन रायली का? बॉयलर इन्स्पेक्टर झाली?"

चारच्या चहाला ठसका लागला. साधा ठसका. मी सिस्टरना हाक मारली तेव्हा माझा आवाज वॉर्डभर गेला. समोरच्या खाटेवरचे बापूराव म्हणाले, "ताई, ठसका सगळ्यांनाच लागतो. मला तर तुमच्या ओरडण्यानं लागला."

पुढचे चार चमचे नीट गेले. पाचवा द्यायला माझा हात झाला नाही, आईने दिला.


मंगळवार, ४ मे

चौथा दिवस.

सकाळी १०. "बाबा, फीड पंप म्हणा."

"फीम् प्म्."

पुन्हा म्हणा. पुन्हा तसंच. ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून लाळ आली. गाल फुगलेला.

मी जिना उतरून ओपीडीपर्यंत गेले, ते मला आठवत नाही. डॉ. पानसे माझ्यासोबत आले, या वेळी माझ्याहून पुढे. बाबांच्या तोंडाशी टॉर्च धरला, जीभ बाहेर काढायला सांगितली. बाबांनी मान हलवून नाही म्हटलं. आई खिडकीकडे बघत होती.

"आ करा."

बाबांनी आ केलं. डाव्या गालात खारवलेल्या कैरीची फोड होती. कोयीसकट.

"मीठ कमी झालं म्हनता ना सगळे," आई म्हणाली. "मी म्हनलं, द्यावं थोडं."

डॉक्टरांनी टॉर्च विझवला. "आजी, सोडियम चढवायचा हा मार्ग आमच्या पुस्तकात नाही. पुढच्या आवृत्तीत घालू." मग बाबांना, "फोड काढा आणि ही काय म्हणायला सांगते ते म्हणा."

"फीड पंप," बाबा म्हणाले. स्वच्छ. आणि कोय कुठे टाकायची ते विचारलं.

मी खुर्चीवर बसले.  डॉक्टर जाताना म्हणाले, "चौथा दिवस ना? मीही मोजतोय."


शुक्रवार, ७ मे

सातवा दिवस. १३१. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, बाबांना वॉर्डभर चालवलं, गिळायला लावलं. म्हणाले, "आता होणार असतं तर झालं असतं." उद्या घरी.

ऑफिसात फोन केला. जूनमध्ये अभिनव जाईल. त्याने विचारलं, "तुला चालेल ना?" मी "असेल" म्हटलं. चुकून.

दुपारी आई बापूरावांच्या सुनेला तेच सांगत होती, माह्याच हातानं. सात दिवस मी ते ऐकून घेतलं होतं. मी आईला बाबांच्या खाटेपाशी बोलावलं आणि दोघांना सांगितलं. तक्ता मी केला. भांडं हा शब्द मी लिहिला, किती ते लिहिलं नाही. बाबा हरवले तेव्हा मला वाटलं की ते मला थांबवायला असं करताहेत. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी दहा दिवसांचे दोन दिवस सांगितले.

आईने तोंडाला पदर लावला. बाबा मग म्हणाले, "मले त्याच दिवशी वाटलं होतं, इचारावं. येवढं पानी कसं म्हनून."

"मग का नाही विचारलंत?"

"तुले इचारलं का तू पुन्यासारखी बोलते," बाबा म्हणाले. "मंग मले वाटते, आपलंच चुकलं असन."

 आई म्हणाली, "जाऊ द्या आता." कुणाला म्हणाली ते कळलं नाही.


सोमवार, १० मे

घरी. सोडियम १३४. नवी गोळी, वेगळ्या जातीची. मीठ बेताचं. पाणी दिवसाला सव्वा लिटर, डॉक्टरांनी मिलिलिटरमध्ये लिहून दिलं आणि खाली रेघ मारली.

दुपार. बाहेर एकेचाळीस अंश. पंखा गरम हवा फिरवतो आहे. बाबा खाटेवर बसले आहेत, पाय खाली सोडून. सकाळपासून त्यांनी चारशे मिलिलिटर घेतलं आहे, म्हणजे अजून पुष्कळ घेता येईल.

मघाशी ते म्हणाले, "पुर्णे, पिऊ का पानी?"

मी म्हटलं, "तहान लागली असेल तर प्या ना, बाबा."

त्यांनी विचार केला. जिभेने ओठ चाचपून पाहिले. माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं.

"लागली का नाई ते समजत नाई आता," ते म्हणाले. "तूच सांग."

मी त्यांची जीभ पाहिली. हाताच्या मागची कातडी चिमटीत धरून सोडली. ओठ कोरडे आहेत, पण या दिवसांत सगळ्यांचेच असतात. नाडी ७८. यातल्या कशावरूनही ते कळत नाही.

"मला नाही कळत, बाबा."

"मंग कोनाले कळन?"

आई स्वयंपाकघराच्या दारात थांबली आहे, हात ओले. मी म्हटलं, थोडा वेळ थांबू या, लागली की कळेल. ते बरं म्हणाले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले, तपासणीला बसतात तसे. मी शेजारी बसून हे लिहिते आहे. तीन वाजून दहा मिनिटं झाली. ते माझ्या तोंडाकडे बघताहेत.